अपशिंगे येथील युद्धस्मारक व आपली घराणी

कुलवृत्तांताची पाने चाळू लागले की ज्याला संतती झाली त्याचीच शाखा पुढे विस्तारत गेलेली दिसते. जो तरुण वयात, मूलबाळ होण्यापूर्वीच निवर्तला, त्याच्या नावापुढे ‘निपुत्रिक’ असा एक शब्द पडतो. आणि दोन पिढ्यांनी तर नावही गळून जाते. पहिल्या महायुद्धात आपल्या सातारा जिल्ह्यातून गेलेल्या कित्येक शिपायांची हीच गत झाली आहे. त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

सातारा तालुक्यातील अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावानेच सर्वत्र परिचित आहे. पिढ्यान्‌पिढ्या येथील घराघरांतून मुलगा पलटणीत जात आला. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात या एका गावचे ४६ वीर कामास आले आणि त्यांच्या स्मरणार्थ तत्कालीन सरकारने गावात स्मारक उभारले. गतवर्षी आम्ही काही ज्ञातिबांधवांसमवेत तेथे जाऊन नतमस्तक झालो. ४६ हा आकडा पुस्तकात लहान वाटतो. परंतु एका खेडेगावातील ४६ घरांचे उंबरठे डोळ्यांपुढे आणिले म्हणजे त्याचा भार कळतो.

अशा स्मृतिशिला त्या काळी अनेक गावी बसविण्यात आल्या. त्यांवर बहुधा इतकेच कोरलेले असते की या गावातून अमुक इतके लोक महायुद्धास गेले आणि पैकी अमुक इतक्यांनी प्राण दिले. गावाचा आकडा राहिला, माणसाचे नाव राहिले नाही.

हे वीर कोठे पडले? आपल्याकडील वृद्ध मंडळी त्या युद्धास ‘बसऱ्याची लढाई’ म्हणत, आणि ते सार्थच होते. मेसोपोटेमिया म्हणजे आजच्या इराकमध्ये टायग्रिस नदीच्या काठी कूत येथे जनरल टाउनशेंडच्या सैन्यास तुर्कांनी डिसेंबर १९१५ मध्ये वेढा घातला. त्या सैन्यात १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला. अन्न संपले, तेव्हा घोडे मारून खाण्याची वेळ आली. धर्मभावनेमुळे अनेक हिंदी शिपायांनी दीर्घकाळ ते मांस वर्ज्य मानिले व उपासमार सोसली. २९ एप्रिल १९१६ रोजी सैन्य शरण गेले. सुमारे १३,००० लोक कैद झाले, आणि त्यांतील हजारो वाळवंटातील पायपिटीत, रोगराईत व सक्तीच्या मजुरीत मृत्यू पावले. ११७ व्या पलटणीस पुढे ‘रॉयल’ हा बहुमान मिळाला.

ज्यांच्या समाधीचा ठाव लागला नाही, अशा ४०,००० हून अधिक सैनिकांसाठी बसरा येथे १९२९ साली स्मारक उभे राहिले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची व हिंदी अंमलदारांची नावे कोरली गेली. परंतु सामान्य हिंदी शिपायांची केवळ संख्या नोंदविण्यात आली. या भेदभावाबद्दल राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये जाहीर क्षमा मागितली. क्षमा उचितच झाली. पण नावे शोधण्याचे कार्य आयोगावर सोपवून आपण स्वस्थ बसावे काय?

आमच्या आजीचे थोरले बंधू याच बसऱ्याच्या वाटेने गेले ते परतले नाहीत. आजी त्यांना ‘दादा’ म्हणे; घरातही सारे ‘दादा’च म्हणत. त्यांचे देहावसान कोणी पाहिले नाही, म्हणून त्यांच्या पत्नीने कपाळीचे कुंकू अखेरपर्यंत उतरविले नाही. आजी गेल्यावर त्यांचे पाळण्यातले नाव सांगणारे कोणी उरले नव्हते. पुढे देवघरातील डबीत एक रुप्याचे पदक सापडले. त्याच्या कडेवर इंग्रजी बारीक अक्षरांत क्रमांक, हुद्दा, पलटण व नाव कोरलेले होते. ज्यांना जन्मभर ‘दादा’ म्हटले, त्यांचे नाव आम्हांस अशा रीतीने पदकाच्या कडेवर वाचावे लागले.

म्हणून सभासद कुटुंबांस आमची विनंती आहे. देवघरातील डब्या, माळ्यावरील पत्र्याच्या पेट्या उघडून पाहाव्यात. रुप्याचे पदक मिळाल्यास मोडीत घालण्यापूर्वी त्याची कड भिंगाने वाचावी. मृताच्या वारसास मिळालेली काशाची वाटोळी तबकडी असल्यास तिच्यावरही नाव असते. नाव व पलटण हाती आली की आयोगाच्या नोंदींत शोध घेता येतो. तेथे पुष्कळदा वडिलांचे नाव व गावही आढळते. मात्र इंग्रजी लिपीत आपली नावे फार विद्रूप झालेली असतात, हे ध्यानी ठेवावे.

आणखी एक सांगणे अगत्याचे वाटते. गावच्या शिलेवर जात लिहिलेली नाही. आपण केवळ आपल्याच ज्ञातीची नावे वेचून घेतली, तर कोणत्याही गावचा आकडा पुरा भरणार नाही. शेजारच्या आळीतून, वाड्यावस्तीतून, महारवाड्यातून जे गेले, तेही त्याच आकड्यात आहेत. यादी करावयाची ती साऱ्या गावची करावी.

जमलेली नावे मंडळाकडे पाठवावीत. पुढील स्मरणिकेत ती गाववार छापता येतील. शंभर वर्षांपूर्वी सरकारने आपली माणसे मोजली. त्यांना नावाने हाक मारणे हे आता आपल्या हाती आहे.