कुत्र्या-मांजरांची सांधेदुखी: उशिरा सुरू झालेल्या उपचारांचा इतिहास

सांधेदुखी हा बहुतेक वेळा म्हातारपणाचा आजार असतो. म्हणून कुत्र्या-मांजरांच्या सांधेदुखीचा इतिहास वाचताना पहिला प्रश्न औषधांचा विचारू नका. या प्राण्यांना म्हातारे होऊ द्यायला माणसाने कधी सुरुवात केली, हे आधी विचारा. मी चेन्नईत यंत्र अभियांत्रिकी शिकवतो, पशुवैद्य नाही. पण सांधा ही भार पेलणारी आणि झिजणारी रचना आहे, आणि झीज मोजायची कशी हा प्रश्न माझ्या विषयातल्या कोणालाही ओळखीचा वाटेल.

आपल्याकडे जनावरांचे वैद्यक जुने आहे. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांबरोबर पशूंच्या उपचारांची सोय केल्याचे सांगितले आहे, आणि त्यात चोळ-पांड्यांच्या प्रदेशांचाही उल्लेख येतो. तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी यांच्या धन्वंतरी महालात माणसांसाठी तशीच जनावरांसाठीही औषधे तयार होत. तरी ग्रंथांचे विषय पाहा: पालकाप्याच्या नावावरचा ग्रंथ हत्तींवर, शालिहोत्राच्या नावावरचा घोड्यांवर. लढाईत ज्याचा उपयोग, त्याच्या पायाची काळजी.

इंग्रजी अमदानीत हिशोब फारसा बदलला नाही. मुंबईत परळला १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय निघाले आणि मद्रासला वेपेरीतल्या डॉबिन हॉलमध्ये १९०३ मध्ये. सरकारला घोर होता तो लष्कराच्या घोड्यांचा आणि बुळकांडीने मरणाऱ्या गुरांचा. कायमचा लंगडा झालेला घोडा म्हणजे एक गोळी. त्याच्या सांध्यावर वर्षानुवर्षे उपचार करण्याचा प्रश्नच उद्भवत नसे.

भटक्या कुत्र्याची गोष्ट तर आणखी वेगळी. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत दंगल झाली, ती कुत्र्यांवरून. पोलीस बेवारशी कुत्री मारत होते आणि मारलेल्या कुत्र्यामागे पैसे मिळत. पारशी समाज त्याविरुद्ध रस्त्यावर उतरला, दुकाने बंद झाली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. निरुपयोगी झालेल्या जनावरालाही मरेपर्यंत जगू द्यावे, ही कल्पना तिथे संस्थेच्या रूपात दिसते. पण पांजरापोळीत आसरा होता आणि चारा होता. सांध्याच्या दुखण्याला तिथे तरी कोण विचारणार?

मद्रासमध्ये नगरपालिकेची कुत्री पकडून मारण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात सुरू झाली आणि शंभरहून अधिक वर्षे चालली. कॅप्टन व्ही. सुंदरम यांनी १९५९ मध्ये स्थापन केलेल्या ब्लू क्रॉसने तिच्याऐवजी नसबंदीचा आग्रह धरला. महापालिकेने तो मार्ग धरला १९९६ मध्ये. २००१ मध्ये केंद्र सरकारने त्याचे देशभरासाठी नियम केले. माझ्या मते या विषयाच्या इतिहासात १९९६ हे साल कोणत्याही औषधाच्या शोधाइतके महत्त्वाचे आहे. चेन्नईच्या गल्लीत सकाळी हळूहळू उठणारा, मागचे पाय ताठ झालेला म्हातारा कुत्रा तुम्हाला दिसतो, कारण त्याला त्या वयापर्यंत पोहोचू दिले गेले.

आता मोजमापाकडे वळू. प्राणी ‘दुखते’ असे सांगत नाही, त्यामुळे पुरावा बाहेरून शोधावा लागतो. अमेरिकेत जी. बी. श्नेल यांनी १९३५ मध्ये कुत्र्यातल्या हिप डिस्प्लेशियाचे, म्हणजे खुब्याचा गोळा वाटीत नीट न बसण्याच्या दोषाचे वर्णन केले. पुढची बरीच वर्षे एक्स-रे म्हणजे स्थिर चित्र. सांधा ढिला आहे की नाही हे स्थिर चित्रात कळत नाही. त्यावर बल लावून पाहावे लागते. १९८३ च्या सुमारास पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गेल स्मिथ यांनी नेमके तेच केले. कुत्र्याला भूल देऊन गोळा वाटीतून बाजूला ओढायचा, तो किती सरकतो ते मोजायचे आणि त्या अंतराला गोळ्याच्या त्रिज्येने भागायचे. साधे गुणोत्तर. लहान-मोठ्या सगळ्या जातींना लागू पडते, आणि पिल्लू चार महिन्यांचे असतानाही धोका सांगते. तुमच्यापैकी कोणी मितिहीन राशी शिकत असेल तर हे उदाहरण वहीत लिहून ठेवा.

मांजर इथेही मागे राहिले. ते लंगडत नाही, नुसते उड्या मारणे कमी करते, आणि घरचे म्हणतात, ‘वय झाले, शांत झाले.’ २००२ मध्ये बारा वर्षांवरील शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले गेले, तेव्हा नव्वद मांजरांत सांध्यांच्या झिजेच्या खुणा सापडल्या. आजार होता, पाहिलेलाच नव्हता.

औषधांचा इतिहास मात्र अपघातांनी भरलेला आहे. सुरुवातीला माणसाच्या कपाटातली गोळी जनावराला, असाच व्यवहार होता. मांजराच्या यकृतात काही औषधांचा निचरा करणारी रासायनिक वाट फार दुबळी असते, त्यामुळे पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याच्या जिवावर बेतू शकते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठरात रक्तस्राव घडवू शकतात. डायक्लोफेनॅकचे सर्वांत मोठे प्रकरण गुरांचे आहे. लंगडणाऱ्या, सुजलेल्या गुरांना ते टोचले जाई, गुरे मरत, गिधाडे ती खात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरत. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली. कारण २००४ मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून कळले, आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. गिधाडांना सुरक्षित पर्याय म्हणून पुढे आले मेलॉक्सिकॅम. कुत्र्यांच्या संधिवातात पशुवैद्य आज वारंवार लिहून देतात तेच हे औषध. मात्र मांजरांना ते पुन्हापुन्हा दिल्यास मूत्रपिंडे जाऊ शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेने २०१० मध्ये त्याच्या वेष्टनावर घालायला लावला. एका प्राण्यासाठी सुरक्षित म्हणजे सर्वांसाठी सुरक्षित नव्हे, हे या शास्त्राला दोन-तीनदा महागात शिकावे लागले.

अलीकडे वेदनेचा संदेश पोहोचवणाऱ्या प्रथिनालाच अडवणारी महिन्याला एक अशी इंजेक्शने आली: अमेरिकेत मांजरांसाठी २०२२ मध्ये, कुत्र्यांसाठी २०२३ मध्ये. कुत्र्यांच्या इंजेक्शनानंतर मज्जासंस्थेचे काही दुष्परिणाम नोंदले गेल्याने डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने पशुवैद्यांना सावधगिरीचे पत्र पाठवले. अर्थात ही गोष्ट अजून चालू आहे.

या सगळ्यात मला सर्वांत भक्कम वाटणारा पुरावा औषधाचा नाहीच. अठ्ठेचाळीस लॅब्राडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावून, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न आयुष्यभर देण्यात आले. २००२ मध्ये निष्कर्ष आले. कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य १३ वर्षे, दुसऱ्यांचे ११.२. संधिवाताचे कायमचे उपचार लागण्याचे वयही सुमारे तीन वर्षांनी पुढे गेले. गंमत अशी, की हा प्रयोग प्राण्यांचे खाद्य विकणाऱ्या कंपनीनेच केला होता.

तेव्हा तुमच्या घरी म्हातारा प्राणी असेल तर वजनापासून सुरुवात करा; फासळ्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. चेन्नईच्या घरांतल्या गुळगुळीत फरशीवर मागचे पाय घसरतात, तिथे गोणपाट किंवा रबरी चटई अंथरा. रस्ता तापण्याआधी दोन-तीन छोट्या फेऱ्या मारा. एकदम लांब फेरी नको. मांजराच्या वाळूच्या ट्रेची एक कड कापून उतरती करा आणि खिडकीपाशी चढायला मधे एक स्टूल ठेवा. कोणतीही गोळी पशुवैद्याने सांगितल्याशिवाय देऊ नका. त्याच्याकडे जाण्याआधी प्राणी उठताना आणि जिना चढतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ फोनवर काढून न्या, कारण दवाखान्यात घाबरलेला प्राणी लंगडणे लपवतो.