मुख्याध्यापकांची जबाबदारी आणि मदतीची दारे

शाळेतील कोणताही कागद अखेर मुख्याध्यापकांच्या सहीपाशी येऊन थांबतो. विद्यार्थ्याचा दाखला, शिक्षकांचे वेतन देयक, पोषण आहाराचा हिशेब, संगणकावरील पटाची माहिती, या सर्वांची पहिली जबाबदारी त्यांचीच असते. ही व्यक्ती मुळात शिक्षक. सेवाज्येष्ठतेने पद मिळते. प्रशासनाचे धडे मात्र खुर्चीवर बसल्यावर गिरवावे लागतात. जालना जिल्ह्यातील मुख्याध्यापकांपुढे कोणकोणती कामे येतात आणि अडचण आल्यास कोणत्या पायरीवर मदत मिळते, याचा हा आढावा.

शाळा कोणाची, कार्यालय कोणते?

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्यात जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा असे आठ तालुके आहेत. प्राथमिक शाळांचा कारभार जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक) पाहतात, तर माध्यमिक शाळांचा शिक्षणाधिकारी (माध्यमिक). तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली विस्तार अधिकारी आणि गावपातळीजवळ केंद्रप्रमुख अशी ही उतरंड आहे. केंद्रप्रमुख हे पद १९९४च्या शासन निर्णयाने निर्माण झाले. आसपासच्या शाळांना शैक्षणिक मार्गदर्शन करणे हा त्याचा मूळ हेतू होता. आज केंद्रप्रमुखांचा बराच वेळ माहिती गोळा करण्यात जातो, तरीही मुख्याध्यापकांसाठी मदतीचे पहिले दार तेच आहे.

मराठवाड्याचे एक वेगळेपण येथे ध्यानात घ्यावे लागते. या विभागात जिल्हा परिषदांच्या माध्यमिक शाळा, म्हणजे प्रशाला, आहेत. तेथील मुख्याध्यापकांना जिल्हा परिषदेचे सेवानियम लागू होतात. खासगी शाळांतील मुख्याध्यापकांना मात्र महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवाशर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालील १९८१ची नियमावली लागू होते. या नियमावलीनुसार ज्येष्ठतम पात्र शिक्षकाची मुख्याध्यापकपदी नेमणूक करणे संस्थेवर बंधनकारक आहे. त्यामुळे ज्येष्ठता यादी दरवर्षी वेळेवर प्रसिद्ध करून त्यावर शिक्षकांच्या सह्या घेणे ही औपचारिकता नव्हे. बहुतेक वाद या यादीतूनच उभे राहतात.

पदोन्नतीच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५चा निकाल महत्त्वाचा ठरला. पहिली ते आठवीच्या सेवेतील शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यक असल्याचे त्यात सांगण्यात आले. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना सेवेत राहण्याची सवलत मिळाली, पदोन्नतीसाठी मात्र ती मिळाली नाही. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला.

पट आणि ऊसतोड

३० सप्टेंबरचा पट हा शाळेच्या वर्षातील कळीचा आकडा आहे. त्यावरून संचमान्यता होते आणि संचमान्यतेवरून शिक्षकांची पदे ठरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी दीडशेहून अधिक, तर सहावी ते आठवीसाठी शंभराहून अधिक विद्यार्थी असल्यास पूर्णवेळ मुख्याध्यापक असावा लागतो. लहान शाळांत मग एखादा शिक्षकच प्रभारी म्हणून वर्ग आणि कार्यालय दोन्ही सांभाळतो. संचमान्यतेचे निकष शासनाने १५ मार्च २०२४ रोजी सुधारले. विद्यार्थ्याचे आधार वैध ठरले नसेल, तर तो वर्गात बसूनही मोजणीत अडचणीचा ठरतो.

पट फुगवून दाखविण्याच्या प्रकारांमुळे ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या काळात राज्यभर विशेष पटपडताळणी झाली. तेव्हापासून हजेरीकडे संशयाने पाहिले जाते. जालन्यात मात्र पट घटण्यामागे एक खरेखुरे कारण आहे. घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. सप्टेंबरच्या पटावर असलेली मुले डिसेंबरात कारखान्याच्या पालावर असतात.

अशा वेळी मुख्याध्यापकांच्या हाती दोन साधने आहेत. पहिले हंगामी वसतिगृहाचे. आई-वडील गेल्यावर मुले गावातच राहावीत, त्यांना सकाळ-संध्याकाळचे जेवण मिळावे, अशी ही योजना शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. त्यासाठी स्थलांतर सुरू होण्यापूर्वी घरोघरी सर्वेक्षण करून प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो. उशिरा गेलेला प्रस्ताव मंजूर होईपर्यंत गाड्या गाव सोडून गेलेल्या असतात. दुसरे साधन शिक्षण हमी कार्डाचे. पालकांबरोबर जाणाऱ्या मुलाला हे कार्ड दिले, तर नव्या गावातील शाळा त्याला दाखल्याविना वर्गात बसवू शकते. मुलाचे नाव पटावरून कमी करण्याआधी हे कार्ड दिले आहे का, हे पाहिलेच पाहिजे.

संगणकावरील शाळा

प्रत्येक शाळेला यू-डायस प्रणालीत अकरा अंकी क्रमांक असतो. महाराष्ट्राचा २७ आणि जालन्याचा १८, म्हणून जिल्ह्यातील शाळांचे क्रमांक २७१८ने सुरू होतात. २०२२-२३पासून या प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र माहिती भरावी लागते. राज्याची ‘सरल’ प्रणाली २०१५पासून आहे. विद्यार्थ्याच्या बारा अंकी ‘अपार’ ओळखक्रमांकासाठी पालकांची लेखी संमती घ्यावी लागते. ती दप्तरी ठेवणे मुख्याध्यापकांच्याच हिताचे आहे.

वेतन देयके ‘शालार्थ’ प्रणालीतून वेतन व भविष्य निर्वाह निधी पथकाकडे जातात. २०२५मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ ओळखक्रमांकांचे प्रकरण उघडकीस आले आणि शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यांना अटक झाली. त्यानंतर नोव्हेंबर २०१२पासूनच्या नियुक्त्यांचे आदेश व मान्यतापत्रे प्रणालीत चढविण्याचे काम शाळांवर आले. आपल्या लॉगिनचा पासवर्ड लिपिकाकडे किंवा बाहेरच्या संगणक केंद्रावर सोपविण्याची सवय किती महागात पडू शकते, हे यातून दिसले.

जनरल रजिस्टरचे मोल

सप्टेंबर २०२३मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीच्या आंदोलनाकडे राज्याचे लक्ष वेधले गेले. त्याच महिन्यात नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि महसुली दप्तरांबरोबर शाळांची जुनी प्रवेश रजिस्टरेही तपासली गेली. निजाम राजवटीतील उर्दू आणि मोडीतील नोंदी वाचणाऱ्यांची गरज भासली. कपाटात पडून असलेले रजिस्टर एखाद्या कुटुंबासाठी केवढा पुरावा असतो, हे तेव्हा सर्वांनाच कळले.

या नोंदींत फेरफार करण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना एकट्याने नाही. माध्यमिक शाळा संहितेतील नियम २६.४नुसार नाव, जात, जन्मतारीख यांतील दुरुस्तीसाठी शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. गावातील दबाव कितीही असो, ‘अर्ज द्या, वर पाठवतो’ हे उत्तर कायद्याला धरून आहे.

अशैक्षणिक कामे

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७नुसार शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक याखेरीज अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. ऑगस्ट २०२४मध्ये शासनाने शैक्षणिक व अशैक्षणिक कामांचे वर्गीकरणही केले. एखादे काम त्याबाहेरचे वाटल्यास तोंडी नकार देण्यापेक्षा आदेश लेखी मागावा आणि वर्गीकरणाचा हवाला देऊन वरिष्ठांना कळवावे.

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. ही समिती अनेक ठिकाणी सहीपुरती उरते. पोषण आहार, इमारत दुरुस्ती, हंगामी वसतिगृह यांचे निर्णय तिच्या ठरावाने झाले असतील, तर पुढे चौकशीत मुख्याध्यापक एकटे पडत नाहीत.

प्रशिक्षण आणि दाद

शैक्षणिक मार्गदर्शनासाठी जिल्ह्यात जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट आहे. शालेय नेतृत्व आणि प्रशासन यांचे प्रशिक्षण देणारी महाराष्ट्र शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था, म्हणजे ‘मिपा’, जालन्यापासून सुमारे साठ किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरात आहे. विभागीय शिक्षण उपसंचालक आणि दहावी-बारावीचे विभागीय मंडळ यांची कार्यालयेही तेथेच. आर्थिक नोंदी, सेवापुस्तिका, माहिती अधिकार या विषयांची शिबिरे नव्या मुख्याध्यापकांना पहिल्या वर्षातच मिळाली, तर पुढच्या कितीतरी चुका टळतील.

माहिती अधिकाराच्या बाबतीत सहसा मुख्याध्यापकच जनमाहिती अधिकारी असतात. अर्जाला तीस दिवसांत उत्तर न दिल्यास दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार रुपये दंड होऊ शकतो आणि तो स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. खासगी शाळेत बडतर्फी किंवा पदावनती झाल्यास तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. ही मुदत चुकली, तर न्याय्य बाजूही कमकुवत होते.

मदतीची दारे आहेत. मात्र ती लेखी अर्जानेच उघडतात. केंद्रप्रमुखांना केलेला दूरध्वनी पुराव्याला येत नाही, आवक-जावक वहीतील नोंद येते. ज्या शाळेत ही वही रोजच्या रोज लिहिली जाते, तेथील मुख्याध्यापकांना वर्गावर जाण्यासाठी थोडा निवांत वेळ मिळतो. पालकांच्या दृष्टीनेही तेच महत्त्वाचे आहे.