कडेगाव परिसरातील भूकंपपूर्वतयारी

भूकंपपूर्वतयारी म्हणजे भूकंप होण्यापूर्वीच जीवित व वित्त हानी कमी करण्यासाठी कुटुंबाने आणि गावाने करून ठेवलेली व्यवस्था. महाराष्ट्राच्या सांगली जिल्ह्यातील कडेगाव हे तालुक्याचे ठिकाण कोयनानगरपासून सरळ रेषेत सुमारे ६० किमी, तर वारणा (चांदोली) धरणापासून सुमारे ५० किमी अंतरावर आहे. या दोन जलाशयांच्या परिसरात १९६० च्या दशकापासून भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. त्यामुळे कडेगाव व लगतच्या सातारा जिल्ह्यातील गावांना भूकंप अपरिचित नाही. या भागात पूर्वतयारीचा प्रश्न मुख्यतः जुन्या दगडमातीच्या घरांशी आणि लहान धक्क्यांच्या सवयीतून येणाऱ्या बेफिकिरीशी जोडलेला आहे.

पार्श्वभूमी

कोयना नदीवरील धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात १९६० च्या दशकाच्या आरंभी पाणी साठू लागले आणि त्यानंतर परिसरात लहान धक्के जाणवू लागले. १३ सप्टेंबर १९६७ रोजी पाचपेक्षा अधिक तीव्रतेचा धक्का बसला. तीन महिन्यांनी, ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी मोठा भूकंप झाला. त्याची तीव्रता वेगवेगळ्या नोंदींत ६.३ ते ६.५ अशी दिली जाते. सुमारे पावणेदोनशे ते दोनशे माणसे मृत्युमुखी पडली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली आणि कोयनानगरमधील बहुसंख्य घरे पडली किंवा राहण्यायोग्य उरली नाहीत. धरणाच्या भिंतीला आडव्या भेगा पडल्या, परंतु धरण फुटले नाही. पुढे त्याचे मजबुतीकरण करण्यात आले.

जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांपैकी जगात नोंदला गेलेला हा सर्वांत मोठा भूकंप मानला जातो. मोठ्या जलाशयातील पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांत झिरपणाऱ्या पाण्याचा दाब यांमुळे आधीच ताणाखाली असलेले भ्रंश सरकतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. १९८० च्या दशकात वारणा जलाशय भरू लागल्यानंतर, विशेषतः १९९३ पासून, भूकंपांचे क्षेत्र दक्षिणेकडे वारणा खोऱ्यापर्यंत विस्तारले. हे धक्के सुमारे २० किमी रुंद व ३० किमी लांब अशा मर्यादित पट्ट्यात आणि बहुधा १० किमीपेक्षा कमी खोलीवर उगम पावतात. पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतरच्या महिन्यांत त्यांचे प्रमाण वाढलेले आढळते. त्यांच्या अभ्यासासाठी कराड येथे केंद्र शासनाच्या भूविज्ञान मंत्रालयाची बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी कार्यरत आहे. तिच्या प्रकल्पात गोठणे येथे ३ किमी खोल चाचणी-विंधनविवर खोदण्यात आले. तथापि भूकंपाचा दिवस व वेळ आधी सांगण्याची पद्धत जगात कोठेही उपलब्ध नाही.

सांगली जिल्ह्यात आपत्ती म्हटली की कृष्णा-वारणेचा महापूर (२००५, २०१९, २०२१) प्रथम आठवतो, आणि आपत्ती व्यवस्थापनाचा भरही साहजिकच पुरावर राहतो. पूर येण्यापूर्वी धरणातील विसर्गाची सूचना मिळते आणि सामान हलविण्यास काही तास हाती असतात. भूकंपात असा अवधी मिळत नाही.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्याची तीव्रता कोयनेच्या भूकंपाच्या जवळपास होती, मृतांची संख्या मात्र सुमारे दहा हजारांवर गेली. त्या वेळच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात मोडत होता. केंद्राजवळची दाट वस्ती, झोपेची वेळ आणि घरांची बांधणी ही या हानीची प्रमुख कारणे होत. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि लाकडी तुळयांवर मातीचा जड थर असलेले माळवद ही तेथील प्रचलित घररचना होती. अनेक घरांत लाकडी सांगाडा उभा राहिला, परंतु भिंती आत कोसळल्या. सांगली-साताऱ्याच्या कोरड्या पूर्व भागातील जुन्या गावठाणांतही दगडमातीची घरे आढळतात. म्हणून कडेगावसाठी कोयनेइतकाच किल्लारीचा अनुभवही महत्त्वाचा ठरतो.

घराची बांधणी

भारतीय मानक ब्यूरोच्या २०१६ च्या वर्गीकरणात कोयना परिसर क्षेत्र ४ मध्ये येतो, तर पश्चिम महाराष्ट्राचा बराचसा उर्वरित भाग क्षेत्र ३ मध्ये आहे. हे वर्गीकरण घर कसे बांधावे यासाठी असते. क्षेत्र ३ मध्ये घर पडणारच नाही, असा त्याचा अर्थ नव्हे.

जुन्या दगडी भिंतीचा दोष बाहेरून दिसत नाही. आतील व बाहेरील अशा दोन अंगांनी दगड रचून मध्ये माती व चिपा भरलेल्या असतात. हादऱ्याने ही दोन अंगे एकमेकांपासून सुटतात, भिंतीला पोट येते आणि ती ढासळते. पावसाचे पाणी मुरलेली भिंत आणखी लवकर सुटते. दोन्ही अंगांना जोडणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतरावर बसविणे हा त्यावरील मूळ उपाय आहे. उभ्या घरात भोक पाडून त्यात सळई व काँक्रीट भरूनही असा सांधा करता येतो. कोपऱ्यांना आणि दारे-खिडक्यांच्या वर जाळी ठोकून सिमेंटचा गिलावा देणे, माळवदावर वर्षानुवर्षे चढलेला मातीचा थर कमी करणे, खांब व तुळईच्या सांध्यात तिरके आधार ठोकणे ही कामेही गावातील गवंडी व सुतार करू शकतात. किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात घरे पूर्ण न पाडता मजबूत करण्यासाठी अशा उपायांचा वापर झाला. यांतला माती उतरविण्याचा उपाय सर्वांत स्वस्त असूनही बहुधा सर्वांत शेवटी केला जातो.

नवीन घरात जोते, लिंटेल आणि छत या पातळ्यांवर सलग काँक्रीटची पट्टी सर्व भिंतींवरून फिरवणे आवश्यक असते. ती पट्टी घराला दाव्यासारखी बांधून ठेवते. दारे-खिडक्या कोपऱ्यापासून दूर असाव्यात. काँक्रीटच्या इमारतीत खांबांच्या सळयांभोवतीच्या रिंगांची टोके आतल्या बाजूला १३५ अंशांत वळविलेली असावी लागतात. ९० अंशांत वळविलेली रिंग मोठ्या हादऱ्यात उघडते. तळमजल्यावर भिंती न घालता केवळ खांबांवर दुकानगाळे काढलेल्या इमारती विशेष धोकादायक मानल्या जातात.

घरातील तयारी

कोयना व किल्लारी हे दोन्ही भूकंप पहाटे झाले, यावरून झोपण्याच्या जागेचा विचार प्रथम करणे युक्त ठरते. अंथरुणाच्या डोक्याशी फडताळ, मांडणी, उतरंड किंवा धान्याच्या पोत्यांची थप्पी असू नये. कपाट व मांडणी भिंतीला पट्टीने पक्की करतात आणि जड भांडी खालच्या फळीवर ठेवतात. पत्रा वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर ठेवलेले सुटे दगड ही या भागात नेहमी दिसणारी, पण क्वचितच ध्यानात येणारी जोखीम आहे. हादऱ्यात ते बरोबर दारासमोर पडतात. पत्रा हुकांनी कैचीला बांधल्यास दगडांची गरज उरत नाही.

उशाशी विजेरी आणि चपला ठेवण्याची सूचना किरकोळ वाटते, परंतु अंधारात फुटलेल्या काचा व कौलांवरून अनवाणी बाहेर पडताना इजा होते. सातबारा उतारा, शिधापत्रिका, आधारपत्र व बँकेचे पासबुक यांच्या प्रती, नेहमीची औषधे, पाणी, काड्यापेटी आणि पांघरूण एका पिशवीत दाराजवळ ठेवतात. डिसेंबरातील पहाटे उघड्यावर बसावे लागल्यास पांघरूण अन्नाइतकेच महत्त्वाचे ठरते. गॅसचा रेग्युलेटर आणि विजेचा मुख्य खटका बंद करणे घरातील प्रत्येक मोठ्या व्यक्तीला जमले पाहिजे. गोठ्यातील दावे चटकन सुटेल अशा गाठीने बांधतात.

धक्का बसत असताना

खाली बसणे, भक्कम टेबलाखाली डोके व मान झाकणे आणि धक्का थांबेपर्यंत टेबल धरून राहणे ही सर्वत्र शिकविली जाणारी पद्धत मुख्यतः पक्क्या इमारतींसाठी आहे. शाळा, कार्यालये व काँक्रीटची घरे यांत ती पाळावी. मातीत रचलेल्या दगडी घराची स्थिती वेगळी असते, कारण अशा घराच्या भिंतीच कोसळतात. तळमजल्यावर, दाराजवळ आणि बाहेर मोकळे अंगण असेल तर तत्काळ बाहेर पडणे तेथे अधिक सुरक्षित ठरू शकते. मात्र बाहेरची वाट दोन उंच भिंतींमधल्या अरुंद बोळातून जात असेल, तर हा पर्याय उरत नाही. आपल्या घरासाठी कोणता मार्ग योग्य, हे कुटुंबाने आधीच ठरवावे लागते. कडेगाव केंद्रापासून दूर असल्याने पहिली हलकी थरथर व नंतरचा जोराचा हादरा यांत काही सेकंदांचे अंतर पडते. ठरवून ठेवलेल्या कृतीला एवढा वेळ पुरू शकतो, विचार करायला तो पुरत नाही.

गावाची व्यवस्था

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची ५ वी तुकडी पुणे जिल्ह्यातील सुदुंबरे येथे आहे. तेथून कडेगावला पोहोचण्यास कित्येक तास लागतात, त्यामुळे ढिगाऱ्याखालील माणसांचा पहिला शोध शेजाऱ्यांनाच घ्यावा लागतो. पहारी, टिकाव, घमेली, दोर व वाहनांचे जॅक कोणाकडे आहेत आणि जेसीबीचा चालक रात्री कोठे भेटेल, याची यादी ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीजवळ असणे यासाठी उपयोगी पडते. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले वृद्ध, दिव्यांग किंवा गरोदर स्त्रिया आहेत, याची माहिती आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविकांना बहुधा असतेच. ती बचाव पथकाच्या हाती असावी लागते.

गळीत हंगामात तालुक्यात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांच्या पाचटाच्या कोप्या पडण्याचा धोका कमी असला, तरी त्या पेट घेऊ शकतात. शिवाय गावाच्या कोणत्याही यादीत त्यांची नावे नसतात.

कडेगाव उंच ताबुतांच्या मोहरमसाठी प्रसिद्ध आहे. त्या गर्दीचे नियोजन करणाऱ्या मंडळांना गावातील अरुंद वाटा व मोकळ्या जागा माहीत असतात. एकत्र जमण्याची ठिकाणे निश्चित करताना या अनुभवाचा उपयोग होऊ शकतो.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. जिल्हा नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक १०७७, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि सर्वसाधारण तातडीच्या मदतीसाठी ११२ आहे.

भूकंपानंतर

मोठ्या धक्क्यानंतर लहान धक्के कित्येक दिवस बसत राहतात. भेगा पडलेली भिंत त्यांपैकी एखाद्याने कोसळू शकते, म्हणून सामान काढण्यासाठीही अशा घरात जात नाहीत. गॅसचा वास येत असल्यास काडी ओढू नये व विजेची बटणे दाबू नयेत. धरण फुटल्याची अफवा कोयना-वारणा भागात सहज पसरू शकते. धरणाच्या स्थितीविषयी जलसंपदा विभाग व जिल्हा प्रशासन यांचीच सूचना ग्राह्य धरावी. घर पुन्हा राहण्याजोगे आहे किंवा नाही, याचा निर्णय अभियंत्याच्या पाहणीनंतर घेतला जातो, आणि नुकसानभरपाईसाठी महसूल विभागाकडून पंचनामा होईपर्यंत पडझडीची छायाचित्रे जपून ठेवणे उपयुक्त ठरते.