नाताळगीते आणि बालमनावरील श्रद्धासंस्कार : जालना परिसराच्या संदर्भात

आसफजाही अमलात १७२५ मध्ये बांधलेल्या मस्तगडामुळे जालना शहर इतिहासात परिचित आहे. याच शहराजवळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नारायण शेषाद्री यांनी ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत वसविली. तिच्यासाठी निजाम राज्याचे दिवाण सालारजंग यांनी जमीन दिली होती. शेषाद्री यांनी १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतला होता. अशा पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती कुटुंबांपुढे प्रश्न होता तो पुढील पिढीचा : बालकास श्रद्धा कोणत्या चालीत द्यावयाची? अक्षरओळख नसलेल्या मुलास ग्रंथ अगम्य असतो. गीत मात्र कानावाटे मनात उतरते.

मिशनऱ्यांनी पाश्चात्त्य चाली आणल्या. त्या चालींत मराठीतील ऱ्हस्व-दीर्घांची अनेकदा ओढाताण होते. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रूढ केले. पुढे ‘फुलामुलांचे कवी’ रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१-१९१९) यांनी ख्रिस्तभक्तीस अभंगाचे रूप दिले.

या बदलाचे महत्त्व केवळ वाङ्मयीन नाही. चार स्वरांच्या वृंदगायनात बालकास आपला स्वर शिकेपर्यंत श्रोताच राहावे लागते. भजनात ते ध्रुपद उचलून, टाळी वाजवून पहिल्याच दिवशी सहभागी होते. शिवाय ख्रिस्तजन्म ही बाळाचीच कथा असल्याने तिला पाळण्याचा घाट सहज मानवतो.

सारांश, वृंदगायनाचे सौंदर्य निर्विवाद आहे; परंतु नाताळात केवळ इंग्रजी गीतेच उरली, तर आजी आणि नातवंड यांना एकत्र गाता येईल असे उपासनेचे गीत उरणार नाही. म्हणून मराठी ख्रिस्ती भजनांचे जतन हा कौटुंबिक श्रद्धेच्या सातत्याचाही प्रश्न ठरतो.