वैद्याच्या दारावरची पाटी

वैद्यकी करणारा मनुष्य कोठें शिकला आणि त्याच्या विद्येची परीक्षा कोणीं घेतली, हें रोग्यानें विचारण्याची चाल खानदेशांत पूर्वीं नव्हती. याचें कारण निव्वळ अज्ञान नव्हे. वैद्य पिढीजात असे. त्याच्या बापाचा हातगुण गांवाला ठाऊक असे. सातपुड्याच्या पायथ्याशीं भिल्ल वस्त्यांत भगताची पारखही अशीच अनुभवानें होई. ही व्यवस्था डळमळली ती धुळें व जळगांव हीं शहरें कापसाच्या व्यापारानें वाढल्यावर. 1900 सालीं चाळीसगांवाहून धुळ्यापर्यंत आगगाडीचा फांटा आला. गाडीनें येणारा डॉक्टर परका, त्याला शोधीत येणारा रोगीही परका; दोघांमध्यें उरली ती दारावरची पाटी, आणि पाटीवर वाटेल तें रंगवितां येई.

1906 मध्यें खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. त्यानंतर सहा वर्षांनीं, 1912 सालीं, मुंबई इलाख्याचा वैद्यक कायदा झाला. त्यानें मेडिकल कौन्सिल स्थापन होऊन पाश्चात्य वैद्यक शिकलेल्यांचा नोंदपट तयार होऊं लागला. मात्र ज्याची नोंद नाहीं त्यानें औषध देऊंच नये, असें त्या कायद्यानें म्हटलें नव्हतें. कायद्याच्या कामीं लागणारा दाखला नोंदलेल्या डॉक्टरानेंच द्यावा, सरकारी रुग्णालयांतील जागा त्यालाच मिळावी, एवढीच त्याची धांव. 1916 च्या पदव्यांसंबंधींच्या कायद्यानें पुढचें पाऊल टाकलें: पाश्चात्य वैद्यकाची खोटी पदवी नांवापुढें लावणारास पहिल्या खेपेस 250 रुपयांपर्यंत आणि पुन्हां तसें केल्यास 500 रुपयांपर्यंत दंड. म्हणजे खोटें सांगूं नये, एवढें कायद्यानें बजावलें. आपण कोण हें रोग्याला सांगितलेंच पाहिजे, असें मात्र अद्याप म्हटलें नव्हतें.

त्याच सुमारास मुंबईचे डॉ. पोपट प्रभुराम यांचें नांव कौन्सिलनें पटावरून काढलें. त्यांच्या विद्येंत उणेपणा नव्हता. त्यांचा अपराध हा, कीं त्यांनीं एका आयुर्वेद महाविद्यालयाशीं संबंध ठेवला. नोंदपट रोग्याच्या रक्षणासाठीं होता कीं धंद्याच्या कुंपणासाठीं, अशी शंका या प्रकरणावरून कोणासही यावी.

वैद्य आणि हकीम यांच्या नोंदणीचा कायदा 1938 सालीं, खेर मंत्रिमंडळाच्या काळांत झाला. आरोग्यखातें तेव्हां डॉ. गिल्डर यांजकडे होतें. या कायद्याखालीं नोंदपटाशिवाय आणखी एक यादी ठेवण्यांत आली. 4 नोव्हेंबर 1941 रोजीं जे नियमितपणें वैद्यकी करीत होते, असें ज्यांना सिद्ध करतां आलें, त्यांचीं नांवें या यादींत येत. साक्री किंवा जामनेरकडील वृद्ध वैद्यास ही सवलत न्याय्यच होती. ज्यानें बापाच्या हाताखालीं खल चालवून विद्या मिळविली, त्याजकडे प्रमाणपत्र मागणें म्हणजे नदीला उगमाचा दाखला मागण्यासारखें. पण शिकून परीक्षा दिलेला वैद्य आणि यादींतला वैद्य, या दोघांच्याही दारावर अक्षरें एकच असत, आणि रोग्यानें भेद ओळखावा कसा, याचें उत्तर कायद्यानें दिलें नाहीं.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर 1961 व 1965 सालीं हे दोन्ही कायदे नव्यानें करण्यांत आले. रोग्याच्या बाजूनें प्रश्न उभा राहिला तो बऱ्याच उशिरां, आणि तोही एका मृत्यूमुळें. मुंबईंत होमिओपॅथीची पदविका असलेल्या एका गृहस्थानें रोग्याला पाश्चात्य औषधें दिलीं. रोगी 1992 मध्यें दगावला. जी पद्धति आपण शिकलों नाहीं ती वापरणें हाच निष्काळजीपणा होय, असा निर्णय 1996 सालीं सर्वोच्च न्यायालयानें देऊन मृताच्या पत्नीस 3 लक्ष रुपये भरपाई देवविली.

पुढें 2002 च्या नियमांनीं पाश्चात्य वैद्यकाच्या डॉक्टरांवर स्पष्ट बंधन घातलें. आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यांत, औषधाच्या चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पैशांच्या पावतीवरही असला पाहिजे. नांवापुढें मान्यताप्राप्त पदव्याच लावाव्या. 1912 पासून येथपर्यंत पोहोंचावयास 90 वर्षें लागलीं. मात्र हा मजकूर रोग्याच्या भाषेंत असावा, अशी अट त्या नियमांत नाहीं. त्यामुळें धुळ्या-जळगांवच्या दवाखान्यांत अहिराणी बोलणारी म्हातारी जी पाटी पाहते, तिच्यावरील पदव्या बहुधा इंग्रजी आद्याक्षरांतच असतात, आणि खालचा क्रमांक कशाचा, हें तिला शेजारच्या बाकावरील माणसालाच विचारावें लागतें.