मुंबई उपनगरातील जुन्या डिझेल मोटारी आणि प्रतिबंधक देखभाल : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मोटारीचा इतिहास लिहिताना तिच्या निर्मितीचा आणि विक्रीचा विचार होतो. तिला टिकवून धरणाऱ्या देखभालीचा विचार मात्र क्वचितच होतो. मुंबई उपनगराच्या संदर्भात ही उणीव विशेष जाणवते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना कुर्ल्याला होता. तेथील उत्पादन एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी थांबले, तरी त्या मोटारी पुढे दोन दशके शहरात धावत राहिल्या. त्यांना चालते ठेवले ते गॅरेजमधील मिस्त्रींनी आणि सुट्या भागांच्या बाजाराने. जास्त धावलेल्या टर्बो-डिझेल मोटारीची प्रतिबंधक देखभाल हा यंत्रशास्त्राइतकाच नागरी इतिहासाचाही विषय आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

टर्बो-डिझेलचे आगमन :
रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वी ठरले. बाहेर जाणाऱ्या वायूच्या जोरावर इंजिनात अधिक हवा कोंबण्याच्या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतले. मात्र या दोहोंचा संगम प्रवासी मोटारीत होण्यास १९७८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मर्सिडीजची ३०० एसडी बाजारात आली. भारतात टाटा सफारी १९९८ मध्ये टर्बो-डिझेल इंजिन घेऊन आली. मारुती स्विफ्टची डिझेल आवृत्ती २००७ मध्ये, तर इंडिका व्हिस्टा २००८ मध्ये आली आणि मध्यमवर्गीय कुटुंबांच्या दारात छोटी टर्बो-डिझेल मोटार उभी राहिली. ऑक्टोबर २०१४ पर्यंत डिझेलचे दर शासकीय नियंत्रणाखाली होते. पेट्रोलच्या तुलनेत स्वस्त असणारे हे इंधन या खरेदीमागील एक प्रमुख कारण होते. याच पिढीतील पहिल्या मोटारींनी आता पंधरा वर्षांची मर्यादा ओलांडली आहे.

उपनगरी वापर आणि झीज :
मोटारीचे आयुष्य आपण किलोमीटरमध्ये मोजतो. अंधेरी-कुर्ला रस्ता किंवा घाटकोपर ते मुलुंड हा लाल बहादूर शास्त्री मार्ग यांवर हे माप फसवे ठरते. ताशी सरासरी ५० किलोमीटर वेगाने १०,००० किलोमीटर धावलेले इंजिन २०० तास चालते. ताशी २० किलोमीटरच्या सरासरीने तेच अंतर कापण्यास ५०० तास लागतात. मीटरवरील आकडा तोच, परंतु वंगण मात्र अडीचपट काळ राबलेले असते. म्हणूनच उपनगरात तेल बदलण्याचा काळ महामार्गावरील मोटारीच्या हिशेबाने ठरविणे योग्य नव्हे.

टर्बोचार्जरचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल काजळीने दाट झाले, तर प्रथम हानी होते ती येथेच. वेगवान प्रवासानंतर इंजिन मिनिटभर मंद चालू ठेवून बंद करणे, हवेची गाळणी वेळेवर बदलणे, डिझेलच्या गाळणीत साचलेले पाणी काढणे, टर्बोकडून येणाऱ्या रबरी नळ्यांना पडलेल्या भेगा तपासणे, ईजीआर झडपेवरील काजळी साफ करणे, टायमिंग पट्टा ठरलेल्या मुदतीत बदलणे ही कामे किरकोळ खर्चाची आहेत. ती टाळल्यास येणारा खर्च पुष्कळदा जुन्या मोटारीच्या किमतीलाही मागे टाकतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. अशा पुरात पाणी हवेच्या मार्गाने सिलिंडरमध्ये शिरले आणि इंजिन सुरू राहिले वा पुन्हा सुरू केले गेले, तर न दबणाऱ्या पाण्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतात. डिझेल इंजिनातील दाब अधिक असल्याने ही हानी अधिक गंभीर ठरते. पाण्यात सापडलेली मोटार सुरू न करता ओढून नेणे हाही प्रतिबंधक देखभालीचाच भाग होय.

कायदा आणि वय :
१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी ग्राह्य मानली व त्यापुढे पाच-पाच वर्षांच्या नूतनीकरणाची तरतूद केली. स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमच्या १९९९ मधील याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यातून जुन्या टॅक्सी स्वच्छ इंधनावर आणण्याची प्रक्रिया सुरू झाली. २०१० मध्ये महाराष्ट्राने जुन्या वाहनांवर पर्यावरण कर बसविला. १५ सप्टेंबर २०२३ रोजी बेस्टची अखेरची जुनी डिझेल दुमजली बस अंधेरीत धावली, तर २९ ऑक्टोबर २०२३ रोजी शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. जानेवारी २०२५ मध्ये महानगर प्रदेशातील पेट्रोल-डिझेल वाहने हद्दपार करण्याची शक्यता तपासण्यासाठी शासनाने समिती नेमली.

या साऱ्या निर्णयांत वय हाच प्रमुख निकष दिसतो. याचे कारण असे की, वय कागदावर असते. देखभाल मात्र मिस्त्रीच्या स्मरणात आणि हरवलेल्या पावत्यांत राहते. पीयूसी चाचणी त्या क्षणीच्या धुराची घनता सांगते. तेल केव्हा बदलले, हे ती सांगत नाही.

निष्कर्ष :
उत्तम देखभालीलाही मर्यादा आहेत. २००५ मध्ये मुंबईत लागू झालेल्या भारत स्टेज ३ च्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ३५० होते. २०२० च्या भारत स्टेज ६ मध्ये ते १० वर आले. जुन्या मोटारीला या स्वच्छ इंधनाचा लाभ मिळतो, पण नव्या इंजिनाची धूरशोधक यंत्रणा तिच्यात निर्माण होत नाही. त्यामुळे उपनगरातील श्वसनाचा प्रश्न केवळ निगेने सुटेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तथापि, निगा राखलेली आणि दुर्लक्षित अशा दोन समवयस्क मोटारींना एकच न्याय लावणेही शास्त्रीय नव्हे. प्रत्येक मोटारमालकाने तारीख, किलोमीटर आणि केलेले काम यांची वही ठेवल्यास धोरणकर्त्यांना वयापलीकडील पुरावा उपलब्ध होईल आणि उद्याच्या इतिहास-अभ्यासकालाही एक मोलाचे साधन मिळेल.