ढाळ

गेल्या उन्हाळ्यात मंगळवेढ्याहून आजीचा फोन आला. "भिंतीला ओल आलीया. पोपडे पडायलेत. तू इंजिनिअर हाईस न्हवं, बघून जा की."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, हे आजीला सांगून उपयोग नसतो. शुक्रवारी रात्री पुण्याहून एसटी पकडली.

आमचं घर माळवदाचं. जाडजूड दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दोन वर्षांपूर्वी आजीला परसातल्या न्हाणीपर्यंत जाववेना, म्हणून मीच हट्टानं मधल्या खोलीच्या कोपऱ्यात बाथरूम करून दिलं होतं. गिझर, शॉवर, गुळगुळीत टाइल्स. ओल नेमकी त्याच भिंतीत होती. बोट दाबलं तर आत रुतलं. वर पाहिलं, तर तुळईचं टोक त्याच भिंतीवर टेकलेलं.

मंगळवेढ्याच्या पोराला भिंत पडण्याची भीती वेगळी शिकवावी लागत नाही. 1338 साली इथे गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि काम करणारे मजूर तिच्याखाली गाडले गेले. संत चोखामेळा त्यांतच गेले. गावाला कूस बांधून देणारा माणूस, पण जातीमुळे राहायला कुसाबाहेर. लहानपणी ही गोष्ट मला संतचरित्र वाटायची. त्या शनिवारी पहिल्यांदा ती बांधकामावरच्या माणसाची गोष्ट वाटली. मी आधी आजीची खाट दुसऱ्या खोलीत हलवली.

मग डोकं चालवलं. बाथरूम दिवसभर कोरडं ठेवलं. जाळीत बोळा कोंबून जमिनीवर दोन इंच पाणी भरलं आणि पातळीवर खूण केली. तासाभरात पाणी खुणेच्या खाली गेलं. म्हणजे दोष शॉवरच्या नळात नव्हता, जमिनीत होता. बोळा काढला. पाणी जाळीकडे जायचं सोडून उलट्या कोपऱ्यात साचून राहिलं. गवंडीमामा दारातूनच म्हणाले, "पाण्याला ढाळच न्हाई. त्यानं जायचं कुठं?"

माणसाला हा प्रश्न फार जुना आहे. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाचा हौद साधारण 12 मीटर लांब, 7 मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या गवंड्यांनी विटा घट्ट बसवल्या, सांध्यांत जिप्समचा गिलावा भरला आणि मागे डांबराचा थर दिला. पण त्याचबरोबर हौदाचा तळही एका कोपऱ्याकडे उतरता ठेवला आणि तिथून पाणी बाहेर नेणारी मोठी मोरी बांधली. नुसत्या डांबरावर त्यांचा भरवसा नव्हता.

आपल्याकडे नंतर चुन्याचं राज्य आलं. बैल जुंपलेल्या घाणीत चुना दळायचा, त्यात विटांची भुकटी म्हणजे सुरखी घालायची, कुठे गूळ, कुठे हिरड्याचं पाणी. सुरखीमुळे चुना पाण्यातही घट्ट होतो. चुन्याचा आणखी एक गुण म्हणजे बारीक चीर पडली, तर त्यात झिरपणारं पाणी थोडा चुना विरघळवून आणतं, तो हवेनं पुन्हा दगड होतो आणि चीर बुजते. 1824 मध्ये इंग्लंडात जोसेफ अ‍ॅस्पडिननं पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं आणि पुढे चुना मागे पडला. सिमेंट लवकर घट्ट होतं, कणखर असतं, पण ते वाकत नाही. मातीची भिंत ओलीनं फुगते, उन्हानं आकसते. तिला चिकटवलेलं सिमेंट तडकतं. वर ते आत शिरलेली ओल बाहेर पडू देत नाही. मी तर भिंत "पक्की" व्हावी म्हणून बाहेरूनही सिमेंटचा गिलावा मारला होता. म्हणजे भिंतीचं तोंड दाबून तिला पाणी पाजत होतो.

अशा हलत्या भिंतीचा इलाज मला एका चालत्या बाथरूमनं शिकवला. 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा पुण्यातल्या माझ्या एका मित्रानं जुनी मिनीबस घेऊन तिचं घर केलं. पहिल्याच खड्ड्यांत त्याच्या शॉवरचे सांधे उघडले आणि खालचं प्लायवुड कुजलं. मग तो शिकला: कोपऱ्यात कडक काही भरायचं नाही, सिलिकॉनसारखं रबरी भरायचं. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडायचं, कारण नवं जुन्यावर धरत नाही. आणि भरताना खालच्या ट्रेमध्ये पाणी ठेवायचं, म्हणजे वजनानं फट जेवढी उघडायची तेवढी आधीच उघडते. कोकणात होडीच्या फळ्यांच्या फटीत तेल-राळेत भिजवलेला कापूस ठोकतात, तोही याच जातीचा इलाज. जिथे दोन गोष्टी हलतात, तिथे मधली वस्तू लवचीकच हवी.

मामांनी तुळईला टेकू लावला आणि बाथरूम फोडलं. भिजलेली माती काढून तिथे पुन्हा पांढरी मातीच भरली, बाहेरचं सिमेंट उतरवून चुन्याचा गिलावा केला. बाथरूमची नवी पातळ भिंत मातीच्या भिंतीपासून चार बोटं लांब घेतली, मधून वारा फिरावा म्हणून. जमिनीला ढाळ दिला. भिंत आणि जमीन मिळते तिथे काटकोन न ठेवता गोलाई केली, तिला गवंडी "वाटा" म्हणतात. त्यावर वॉटरप्रूफिंगचे थर, मग दोन दिवस पाणी भरून परीक्षा. पातळी हलली नाही, तेव्हाच टाइल्स बसल्या आणि कोपऱ्यांत सिलिकॉन गेलं.

काम संपल्यावर परसात गेलो. जुन्या लोकांनी न्हाणी घराबाहेर का ठेवली, हे आता कळत होतं. माती आणि पाणी एका छताखाली नांदत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. शिवाय या तालुक्यातल्या 35 गावांचा पाणीप्रश्न माझ्या वयापेक्षा जुना आहे. इथे अंघोळ म्हणजे एक बादली, आणि तिचंही पाणी केळीच्या बुंध्याला. मिनिटाला सात-आठ लिटर ओतणाऱ्या शॉवरचा विचार त्या घरानं कधी केलाच नव्हता. म्हणून आजीनं परसात चालत जावं, असं मात्र मी म्हणणार नाही. तिचे गुडघे तिचे आहेत.

न्हाणीच्या दगडावर तांब्याभर पाणी ओतलं. कुणी घडवला तो दगड, नाव कुणालाच माहीत नाही. पाणी कुठेही न थांबता सरळ केळीकडे गेलं.

आजीनं आतून विचारलं, "झालं का रं, गळायचं थांबलं?"

"थांबलं, आजी."

"मग आता नव्या मोरीचं पाणीबी केळीलाच सोड."

पाइप जोडायला आणखी एक रविवार लागला.